तळ्याचं पाणी उलटतं तेव्हा: शरदातल्या गळाच्या मासेमारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर सरत आला की उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या तळ्यांच्या काठी एकच वाक्य ऐकू येतं: "पाणी उलटलंय, आता काही लागायचं नाही." टर्नओव्हर, म्हणजे हेच पाणी उलटणं, हा शब्द तर सगळ्यांच्या तोंडी असतो. गळ रिकामा येण्याची जेवढी कारणं आहेत त्यांत हे सगळ्यात सोयीचं, कारण पाण्याखाली जाऊन कोणी खात्री करत नाही. मीही बरीच वर्षं हेच कारण देत आलो. मग एकदा तापमान मोजायला लागलो आणि बरेच गैरसमज गळून पडले. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं खाली दिली आहेत.

'पाणी उलटतं' म्हणजे नेमकं होतं काय?

उन्हाळाभर खोल तळं म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन तळी. वरचा थर उन्हाने तापलेला, वाऱ्याने घुसळलेला आणि प्राणवायूने भरलेला. खालचा थर थंड, काळोखा आणि वसंतापासून कोंडलेला. दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो. तिथे मीटरभर खाली गेलं की तापमान एका अंशाने किंवा त्याहूनही जास्त उतरतं. हाच थर्मोक्लाइन. खोल पाण्यात पोहताना पाय सोडले की अचानक गार लागतं ना, ते याच्यामुळे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा तळ्याचा अभ्यास करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी १८९७ च्या सुमारास हा शब्द रूढ केला.

कोमट पाणी हलकं, गार पाणी जड, म्हणून हे थर मिसळत नाहीत. शरदात रात्री थंड व्हायला लागल्या की पृष्ठभागाचं पाणी गार होऊन खाली बसतं, त्याच्या जागी जरा कोमट पाणी वर येतं, मग तेही गार होतं. वरचा थर असा रोज थोडा थोडा जाड होतो आणि पट्टा खाली सरकत जातो. दोन्ही थरांचं तापमान जवळपास सारखं झालं की वाऱ्याला अडवणारं काही उरत नाही आणि तळापासून माथ्यापर्यंत सगळं पाणी एकत्र फिरायला लागतं. 'उलटणं' हा शब्द तसा फसवाच आहे. पाणी पालथं होत नाही, मिसळतं.

हे एका रात्रीत होतं का?

शेवटचा टप्पा होऊ शकतो. आधीची तयारी मात्र आठवडे न् आठवडे चाललेली असते. फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर त्याची संवेदनशीलता वाढवून बघा. थर्मोक्लाइन पडद्यावर आडव्या धूसर पट्ट्यासारखा दिसतो, कारण प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि कचरा तिथेच अडकून राहतो. ऑगस्टमध्ये हा पट्टा सात-आठ मीटरवर सुरीने कापल्यासारखा स्वच्छ असेल, तर महिन्याभराने तो अकरा-बारा मीटरवर आणि विस्कटलेला दिसेल. मग एक जोराचा वारा दिवसभर वाहतो आणि दुसऱ्या सकाळी पट्टा नाहीसा झालेला असतो. लोकांना तो वारा आठवतो, आधीचा महिना आठवत नाही.

कोणत्या तापमानाला पाणी उलटतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि उत्तरंही सर्वांत जास्त चुकीची याचीच मिळतात. कोणी १५ अंश सांगतो, कोणी १० अंश छातीठोकपणे सांगतो. सगळ्या तळ्यांना लागू पडेल असा आकडाच नाही. पृष्ठभागाचं तापमान तळाच्या तापमानाला येऊन भिडलं की पाणी उलटतं. म्हणजे विचारायला हवं ते तळाचं तापमान. खूप खोल तळ्यात भर उन्हाळ्यातही तळाशी ५-६ अंश असतात. तिथे वरचं पाणी तेवढं गार व्हायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. मध्यम खोलीच्या तळ्यात तळाशी १२-१३ अंश असतील तर तेच काम ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरकतं. एकाच रस्त्यावरची दोन शेजारची तळी महिन्याच्या अंतराने उलटलेली मी पाहिली आहेत.

इथे पाण्याचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, पण गार होताना त्याचं वजन एकसारखं वाढत नाही. २५ अंशांचं एक घनमीटर पाणी २४ अंशांच्या पाण्यापेक्षा पाव किलोने हलकं असतं. ५ अंशांचं पाणी ४ अंशांच्या पाण्यापेक्षा जेमतेम ८ ग्रॅमने हलकं. एकाच अंशाचा फरक, पण पकड तीसपट कमी. म्हणून उन्हाळ्यात वादळ आलं तरी थर जागचे हलत नाहीत आणि शरदाच्या शेवटी साधा वाराही त्यांना एक करून टाकतो.

माझी फजिती सांगतो. एका सप्टेंबरात सलग तीन दिवस गळाला काहीच लागलं नाही. पाणी उलटलं असं मी सगळ्यांना सांगून मोकळा झालो. चौथ्या दिवशी उसना थर्मामीटर खाली सोडला: वर १९ अंश, तळाशी ९. उलटण्याला अजून कित्येक आठवडे होते. मासे वेगळ्याच कारणाने रुसले होते, आणि ते कारण बहुधा मीच होतो.

तळाचं तापमान मोजायचं कसं?

दोरीवर सोडायचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो उत्तम. नसेल तर जुनी युक्ती आहे. एक काचेची बाटली घ्या, तिच्या बुडाला शिसं बांधा, तोंडाला सैलसं बूच लावा आणि बुचाला दुसरी बारीक दोरी बांधा. मुख्य दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारा. गाठी मोजत हव्या त्या खोलीवर बाटली सोडा, मग बारीक दोरीला हिसका द्या. बूच निघतं आणि हवेचे बुडबुडे वर येतात. बुडबुडे थांबले की बाटली भरली. ती भरभर वर ओढा आणि लगेच थर्मामीटर बुडवा. पाणी वर येईपर्यंत अर्धा-पाऊण अंश चढतं, पण आपल्या कामाला एवढं चालतं. दर दोन मीटरला एक नोंद पुरे.

डोळ्यांना काही दिसतं का?

सुपीक, गाळाच्या तळ्यात दिसतंही आणि नाकालाही कळतं. कालपर्यंत स्वच्छ असलेलं पाणी गढूळ होतं, हिरवट-तपकिरी छटा येते, कुजलेल्या पाणवनस्पतींचे पुंजके तरंगायला लागतात, वाऱ्याच्या बाजूच्या काठाला फेस जमतो. नांगर उचलला की त्याला काळा, साबणासारखा बुळबुळीत चिखल लागलेला असतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तळाशी प्राणवायू संपल्यावर जी कुजण होते, तिच्यातून तो तयार होतो. तळात विरघळलेलं लोह वर येऊन प्राणवायूला भेटलं की पाण्याला गंजाची झाक येते.

खडकाळ, स्वच्छ, तळापर्यंत प्राणवायू असलेल्या तळ्यात यातलं काहीच घडत नाही. पाणी गुपचूप मिसळतं आणि काठावर बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

एक फसवी खूणही आहे. सप्टेंबरात दोन दिवस एकाच दिशेने जोराचा वारा सुटला की तो वरचं कोमट पाणी समोरच्या काठाकडे ढकलतो आणि ज्या काठाकडून वारा येतो तिथे खालचं गार, मळकट पाणी वर येतं. तुम्ही नेमके त्या काठाला असाल तर पाणी उलटलंच असं वाटणार. वारा पडला की थर पुन्हा आडवे होतात आणि पाणी होतं तसं होतं. दरवर्षी पहिली आवई बहुतेक वेळा याच वाऱ्यामुळे उठते, असा माझा अनुभव आहे. असं झालं तर समोरच्या काठाला जाऊन बघा.

पाणी उलटल्यावर मासे खात का नाहीत?

खातात. आपल्याला सापडत नाहीत, ही खरी अडचण.

उन्हाळ्यात तळ्यात भिंती असतात. खाली प्राणवायू नाही म्हणून मासे पट्ट्याखाली जात नाहीत, वर फार कोमट म्हणून थंड पाण्याचे मासे पृष्ठभागी येत नाहीत. परिणामी सगळी वस्ती एका ठरावीक पातळीवर दाटते. आपण ऑगस्टमध्ये 'माझी जागा' म्हणून मिरवतो ती जागा म्हणजे या भिंतीला लागलेला एखादा उंचवटा किंवा उतार असतो. पाणी मिसळलं की भिंती पडतात. जिथे काल श्वास घेता येत नव्हता त्या डोहातही मासा आज जाऊ शकतो. छोटे मासे प्लवंगांमागे पांगतात आणि मोठे त्यांच्यामागे. माशांची संख्या तीच, पण ती आता तिप्पट-चौपट पाण्यात विखुरलेली. त्यातच पाणी गढूळ, त्यामुळे नजरेने शिकार करणाऱ्यांना आमिष दुरून दिसत नाही. आणि आपण मात्र ऑगस्टच्याच जागी, ऑगस्टच्याच खोलीवर दोरी सोडून बसलेलो.

प्राणवायू कमी होऊन मासे मरतात का?

मोठ्या तळ्यात सहसा नाही. हिशोब करून बघू. १५ अंशांच्या आसपास पाणी लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं. वरच्या थरात साडेनऊ आहे आणि तळाच्या थरात शून्य, असं धरू. तळाचा थर एकूण पाण्याच्या चौथा हिस्सा असेल तर मिसळल्यावर सरासरी सातच्या वर राहते. वर आलेली घाण आणखी थोडा प्राणवायू खाते, पण बहुतेक मासे पाचपर्यंत तक्रार करत नाहीत. आणि सगळं पाणी आता पृष्ठभागाला लागून जात असल्याने हवेतून भरपाई चालू असते. गार पाण्यात प्राणवायू मावतोही जास्त: २० अंशांना ९.१, १० अंशांना ११.३.

छोट्या, खोलगट, शेवाळाने भरलेल्या डबक्यात मात्र हा हिशोब उलटतो. तिथे कोंडलेलं पाणीच निम्मं असतं. उन्हाळ्याच्या अखेरीस गार पावसाची मोठी सर किंवा वादळ आलं तर ते सगळं काही तासांत मिसळतं, आणि पहाटे मासे पृष्ठभागी तोंड काढून धापा टाकताना दिसतात. अशा वेळी गळ गुंडाळून ठेवावा. दमलेला मासा ओढून काढण्यात कसली आलीय मजा?

मग मासे जातात तरी कुठे?

माशामाशाने उत्तर बदलतं.

लेक ट्राउटला उन्हाळाभर थंड पाण्यात कोंडून घ्यावं लागतं. पृष्ठभाग १० अंशांच्या आसपास आला की तो खडकाळ उथळ जागी येतो, कारण त्याची वीण शरदात असते आणि अंडी तो रात्री दगडांच्या फटींत टाकतो. बऱ्याच ठिकाणी या काळात त्याच्या मासेमारीला बंदी असते. नियम आधी वाचावा, आणि बंदी नसली तरी विणीच्या खडकांवर गळ टाकू नये असं मला वाटतं. सिस्को हा लहान मासाही शरदाच्या अखेरीस विणीसाठी उथळात येतो आणि त्याच्यामागे त्याची शिकार करणारा मोठा पाइक येतो. उन्हाळ्यात मोठा पाइक गार पाणी शोधत खोलात गेलेला असतो. वर्षातला सर्वांत थोराड पाइक काठाजवळ मिळण्याचे हे दिवस.

लार्जमाउथ बास बराच काळ उथळ पाण्यातच असतो, त्यामुळे खोलातल्या उलथापालथीचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. त्याला फरक पडतो तो पाणवनस्पती मेल्याचा. तपकिरी, लोळागोळा झालेल्या झुडपातून तो निघून जातो आणि हिरवी झुडपं उरली असतील तिथे गोळा होतो. ज्या जलाशयांत शॅड हे छोटे मासे आहेत तिथे शॅडचे थवे शरदात ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात आणि बास त्यांच्यामागे जातो. वॉलाय आणि पर्च हळूहळू खोल उतारांच्या पायथ्याशी जमतात.

पाणी उलटतं त्या आठ-दहा दिवसांत गळ कुठे टाकावा?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसरं तळं गाठणं. उथळ तळं उलटून स्थिरावलेलं असतं तेव्हा खोल तळं अजून थरांतच असतं, म्हणजे दोन तळी माहीत असलेल्याला हंगाम तुटल्याचं जाणवतही नाही. मोठ्या तळ्यात हेच एका पाण्यात जमतं. उथळ फाटे आधी गार होतात, मुख्य डोह मागाहून. फाट्यातलं पाणी निवळलं असेल आणि डोह गढूळ असेल तर फाट्यात बसा.

जागा बदलायचीच नसेल तर ओढा किंवा नदी मिळते तिथे जा, तिथलं पाणी ताजं असतं. दोन-तीन मीटरपेक्षा कमी खोलीच्या काठाला जा, तिथे उन्हाळाभर पाणी मिसळलेलंच होतं, त्यामुळे तिथल्या माशांची दिनचर्या फारशी बदलत नाही. शोधत फिरायची तयारी ठेवा. एका जागी वीस मिनिटं पुरेत.

आमिष बदलावं का?

थोडं. पाणी गढूळ असेपर्यंत जरा मोठं, थरथरणारं किंवा आवाज करणारं आमिष घ्या, म्हणजे ते नजरेआधी माशाला अंगाने जाणवतं. पाणी निवळलं की पुन्हा साधं. ओढण्याचा वेग मात्र तापमानाबरोबर उतरवत न्या. मासा थंड रक्ताचा, १० अंशांखाली बासचं पचन मंदावतं आणि आमिषामागे धावणं त्याला परवडत नाही. तुम्हाला कंटाळा येईल इतक्या हळू ओढा, मग आणखी थोडं हळू.

उलटून झाल्यावर काय?

पाणी निवळतं, तळापर्यंत प्राणवायू पोचलेला असतो, आणि जे मासे पांगले होते ते खोल उतारांवर पुन्हा घोळक्याने जमतात. फिश फाइंडरवर बारा-पंधरा मीटरवर माशांच्या कमानी दिसायला लागतात. ऑगस्टमध्ये तिथे दगडाशिवाय काही नव्हतं. माझ्या दृष्टीने वर्षातले उत्तम दिवस हेच. काठावर गर्दी नसते, कारण बाकीचे "पाणी उलटलंय" म्हणून घरी बसलेले असतात.

पण खोलातल्या माशांना एक धोका असतो. वॉलाय, पर्च आणि बास यांच्या पोटातलं वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, बंद असतं. दहा मीटरच्या खालून भराभर वर ओढलं की दाब उतरतो, आतली हवा फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडात येतं. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो. ट्राउट, पाइक, कार्प यांच्या वाताशयाला घशाकडे वाट असते, ते हवा सोडू शकतात. म्हणून पकडून सोडायचा बेत असेल तर वॉलाय आणि पर्च यांच्यासाठी खोलात जाऊच नये. खायचे असतील तर नियमात बसतील तेवढे घ्यावेत आणि थांबावं.

नद्यांत असं होतं का? आणि उथळ तळ्यांत?

नदीत नाही, वाहतं पाणी थर धरत नाही. तीन-चार मीटरचं, वाऱ्यावर उघडं तळं उन्हाळाभर कितीदा तरी मिसळतं, म्हणून शरदात त्याला उलटायला काही शिल्लकच नसतं. अशा तळ्यावर कोणी टर्नओव्हरचं कारण दिलं तर हसून पुढे जावं. धरणाचे जलाशय अधलेमधले: प्रवाह जोराचा असेल किंवा तळाच्या दारातून पाणी सोडत असतील तर थर कच्चे राहतात.

सगळी खोल तळी दरवर्षी उलटतात का?

नाही. थंड प्रदेशातली बरीच तळी वर्षातून दोनदा मिसळतात, शरदात आणि वसंतात. जिथे बर्फ धरत नाही तिथे एकदाच, आणि ते मिसळणं हिवाळाभर चालतं. जी. एव्हलिन हचिन्सन आणि हाइन्झ लॉफ्लर यांनी १९५६ मध्ये तळ्यांची अशी वर्गवारी मांडली, ती थोड्याफार बदलांनी अजून वापरात आहे. आफ्रिकेतलं टांगानिका तळं १,४७० मीटर खोल आहे, पण ते तळापर्यंत कधीच मिसळत नाही. दोनशे मीटरच्या खाली प्राणवायू नाही, म्हणजे मासाही नाही. उलट सायबेरियातलं बैकल १,६४२ मीटर खोल असूनही तळापर्यंत प्राणवायू आहे. खोली एकट्याने काही ठरवत नाही.

तो सडका वास माणसाला धोक्याचा आहे का?

उघड्या तळ्यावर नाही, फक्त नकोसा असतो. काही जण कॅमेरूनमधल्या न्योस तळ्याचं उदाहरण देतात. तिथे २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तळातून कार्बन डायऑक्साइडचा लोट उसळला आणि सुमारे १,७०० माणसं गुदमरून गेली. पण ते ज्वालामुखीच्या मुखातलं तळं होतं, वायू खालून वर्षानुवर्षं मुरत होता आणि पाणी मिसळत नसल्याने साठत गेला. दरवर्षी मिसळणाऱ्या तळ्यात असा साठा व्हायला वेळच मिळत नाही.

शरदात जीव जातो तो गार पाण्यात पडून. होडीत लाइफ जॅकेट अंगात असू द्या, बाकाखाली नको.

वसंतातही असंच होतं का?

होतं. बर्फाखाली तळाशी ४ अंशांचं जड पाणी असतं आणि वर त्याहून गार, हलकं. बर्फ वितळून वरचं पाणी ४ अंशांवर आलं की पुन्हा मिसळतं. हिवाळ्यात कुजण मंद असल्याने वास सहसा कमी येतो, आणि तेव्हा माशांना उथळातल्या उबेची ओढ असते, त्यामुळे गळ टाकणाऱ्याला ते फारसं जाणवत नाही.

पुढच्या वर्षी कधी उलटेल हे आधी सांगता येतं का?

नेमकी तारीख नाही, पण अंदाज येतो. एकाच तळ्याच्या पाच-सहा वर्षांच्या नोंदी असतील तर तारखा साधारण दोन-तीन आठवड्यांच्या पट्ट्यात पडतात. लांबलेल्या उन्हाळ्यानंतर उशिरा, थंड आणि वादळी सप्टेंबरानंतर लवकर. माझ्या वहीत दर आठवड्याला चारच गोष्टी असतात: पृष्ठभागाचं तापमान, तळाचं तापमान, वाऱ्याची दिशा आणि पांढरी थाळी किती खोलीपर्यंत दिसली. ही थाळीची रीत इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांची, १८६५ ची. मी दोरीला बांधलेलं २० सेंटिमीटरचं पांढरं झाकण वापरतो. ऑक्टोबरात ते चार मीटरवर दिसत असतं. एखाद्या सकाळी दीड मीटरवरच दिसेनासं होतं आणि दोन्ही तापमानांचे आकडे सारखे आलेले असतात. मग मी वही मिटतो, होडी वळवतो आणि ओढ्याच्या मुखाकडे वल्हवायला लागतो.